चिकन पॉट पाय : कृती, कारणे आणि दक्षता

विजेवर चालणारी लहान भट्टी, म्हणजे ओव्हन, आता गोमंतकातील शहरांप्रमाणे अनेक खेड्यांतील घरांतही आढळते. साहजिकच केक आणि पाव यांच्या जोडीला काही परदेशी पदार्थ घरी करून पाहण्याची हौस वाढली आहे. अमेरिकेच्या घरगुती स्वयंपाकातील चिकन पॉट पाय हा अशा पदार्थांपैकी एक होय. करावयास तो अवघड नाही. परंतु त्यात एक नियम असा आहे की तो न पाळल्यास पदार्थ बिघडतोच, शिवाय खाणाऱ्याच्या प्रकृतीसही अपाय होऊ शकतो. या नियमाची कारणे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. ‘चिकन पाय’ हे शब्द वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोंबडीची तंगडी उभी राहण्याचा संभव आहे. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. पिठाच्या आवरणात किंवा आवरणाखाली सारण ठेवून भट्टीत भाजलेल्या पदार्थास इंग्रजीत पाय म्हणतात. हे सारण खोलगट भांड्यात भरले की तो पॉट पाय झाला. आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळाच्या सुमारास होणाऱ्या एम्पादिन्या ज्यांनी खाल्ल्या असतील, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. आकार व मसाला निराळा असला, तरी पिठाच्या कवचात मांसाचे सारण भाजण्याची रीत दोन्हीकडे एकच.

दुसरा घोटाळा ‘बिस्किट’ या शब्दाचा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा आहे, आणि आपण चहात बुडवतो ते कडक बिस्किट त्या अर्थाशी इमान राखून आहे. अमेरिकेत मात्र हा शब्द एका मऊ, फुगलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या लहान पावाला लागू झाला. यीस्ट वा ताडी न घालता, सोडा किंवा बेकिंग पावडर यांच्या साहाय्याने तो फुगवितात. पॉट पायवर झाकण म्हणून येते ते हे बिस्किट. तेव्हा दुकानातील पुडा फोडून त्यातील बिस्किटे सारणावर रचावयाची नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

मांसाचे पाय युरोपात मध्ययुगापासून प्रचलित होते. इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेत गेले. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ साली कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे छापल्या गेलेल्या पाककृतींच्या पुस्तकात कोंबडीच्या पायची कृती आहे. लाकडाच्या राखेपासून काढलेला एक क्षार पीठ फुगविण्यासाठी वापरण्याची रीतही त्याच पुस्तकात आढळते. पुढे १८५६ साली एबेन हॉर्सफर्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने बेकिंग पावडरीसाठी लागणाऱ्या फॉस्फेट क्षाराचे पेटंट घेतले आणि बिस्किट करणे अगदी सोपे झाले. दक्षिणेकडील राज्यांत मऊ जातीचा, कमी प्रथिनांचा गहू होत असल्याने बिस्किटाची आवड तेथे विशेष रुजली. याउलट पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या लोकांत पॉट पाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थास वरचे कवचच नसते. रश्शात कणकेचे चौकोनी तुकडे शिजवलेले असतात. एकाच नावाखाली असे निरनिराळे पदार्थ नांदतात. सर्वांचे मूळ एक : अंडी देणे थांबलेली जून कोंबडी किंवा आदल्या दिवशीचे उरलेले मांस, परसातल्या भाज्या आणि थोडे पीठ यांतून साऱ्या घराचे पोट भरावे.

१९५० च्या दशकात गोठविलेले तयार पाय अमेरिकेच्या बाजारात आले आणि घरची ही गोष्ट कारखान्याची झाली. त्याचा एक परिणाम २००७ साली दिसला. त्या वर्षी गोठविलेल्या पॉट पायमुळे साल्मोनेला या जंतूचा प्रादुर्भाव अमेरिकेच्या ४१ राज्यांत झाला व ४०१ रुग्णांची नोंद झाली. ऑक्टोबर महिन्यात तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. चौकशीत दिसून आले ते उद्बोधक आहे. ते पाय तयार दिसत असले, तरी घरी पूर्णपणे शिजविणे आवश्यक होते. अनेकांची मात्र ते आधीच शिजविलेले आहेत अशी समजूत होती. बहुतेकांनी ते मायक्रोवेव्हमध्ये तापविले. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सर्वत्र सारखे तापत नाही. कडेला रस्सा खदखदत असताना मधला भाग कोमट राहू शकतो, आणि वरचे कवच मध्ये आल्यामुळे तो भाग दृष्टीसही पडत नाही.

यावरून तो नियम ध्यानात येईल. सारण झाकणाखाली शिजवावयाचे नसते. ते आधी पूर्ण शिजवून, उकळते असतानाच त्यावर बिस्किटाचे झाकण ठेवावयाचे आणि मग भट्टीत सरकवावयाचे. भट्टीचे काम झाकण भाजण्याचे आहे, कोंबडी शिजविण्याचे नव्हे. सारण उकळते ठेवण्याने दुसराही लाभ होतो. बिस्किटाचा खालचा भाग रश्शाला टेकलेला असतो. रस्सा थंड असेल तर वरून तांबूस झालेले बिस्किट खालून कच्च्या लगद्यासारखे राहते. पॉट पाय बिघडल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ येथेच असते. दोष भट्टीला दिला जातो, एवढेच.

आता प्रत्यक्ष कृती. सहा माणसांसाठी सव्वा किलो वजनाची कोंबडी घ्यावी. बाजारातील ब्रॉयलर पाऊण तासात शिजते. गावठी कोंबडी जून असेल तर दीड ते दोन तासही लागतात, परंतु तिच्या रश्शाला जी चव येते ती ब्रॉयलरच्या रश्शाला येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दीड लिटर पाण्यात एक कांदा, काही मिरे, एक तमालपत्र व मीठ घालून कोंबडी मंद आचेवर शिजू द्यावी. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे उष्णतामान ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे. स्वयंपाकाचा उष्णतामापक आता सहज मिळतो व शाळांच्या गृहविज्ञान वर्गात तो असावयास हवाच. तो नसेल तर मांस हाडापासून आपोआप सुटेपर्यंत आणि सांध्याजवळ लालसर रस दिसेनासा होईपर्यंत शिजवावे. नंतर मांस सोडवून घ्यावे; ते सुमारे अर्धा किलो भरेल. रस्सा गाळून ठेवावा.

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची आपल्याकडील सवय मात्र सोडली पाहिजे. धुण्याने जंतू मरत नाहीत. पाण्याच्या तुषारांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. पिसे वा रक्त लागलेले असल्यास कागदाने टिपून घ्यावे. कच्च्या मांसाचा सुरीपाट भाज्यांना लावू नये व हात साबणाने धुवावेत.

भांड्यात ६० ग्रॅम लोणी वितळवून त्यात बारीक चिरलेला मोठा कांदा, दोन गाजरे आणि सेलरीचा एखादा दांडा परतावा. सेलरी न मिळाल्यास फरसबी घालावी. मूळ चव तंतोतंत येणार नाही, पण बिघडणारही नाही. भाज्या मऊ झाल्या की ५० ग्रॅम मैदा घालून दोन मिनिटे परतावा. मैदा लोण्यात परतण्याचे कारण असे की पिठाचा प्रत्येक कण स्निग्धतेने वेढला जाऊन सुटा होतो. मग रस्सा ओतला तरी गुठळ्या होत नाहीत. कोरडा मैदा थेट उकळत्या रश्शात टाकला तर कणांचा बाहेरचा थर ताबडतोब चिकट होतो, आतले पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत. अर्धा लिटर रस्सा थोडाथोडा ओतत ढवळावे, मग दीडशे मिलिलिटर दूध घालावे आणि चमच्याच्या पाठीवर थर राहील इतके दाट होऊ द्यावे. शेवटी मांस, मूठभर मटार, मिरपूड आणि मिळाल्यास चिमूटभर वाळलेला थाइम घालून पुन्हा उकळी आणावी. येथे हिरवी मिरची किंवा गरम मसाला घालण्याचा मोह अनेकांना होतो. घालण्यास हरकत नाही. मात्र मग त्याला निराळे नाव द्यावे.

बिस्किटासाठी २५० ग्रॅम मैदा, तीन सपाट लहान चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, ८५ ग्रॅम थंडगार लोणी आणि सुमारे १८० मिलिलिटर थंड दूध लागते. दुधाऐवजी आंबट ताक घेतल्यास पाव चमचा खाण्याचा सोडा अधिक घालावा व बेकिंग पावडर एक चमचा कमी करावी. बेकिंग पावडर जुनी असल्यास बिस्किट फुगत नाही. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी, जोराने फेस आला तर ती कामाची.

या पिठाचे सारे यश लोणी थंड राहण्यावर अवलंबून आहे. पिठात लोण्याचे लहान लहान कण अखंड राहिले, तर भट्टीच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि त्या त्या जागी पापुद्रा सुटतो. लोणी आधीच वितळून पिठात मुरले तर पापुद्रे येत नाहीत. अमेरिकेतील थंड हवेत ही अडचण फारशी भासत नाही. आपल्याकडे ३० अंशांच्या वर हवा असताना लोणी हातातच पातळ होते. यावर उपाय सोपा आहे : लोणी गोठवून जाड किसणीवर किसावे, मैदाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा आणि बोटांच्या टोकांनी झटपट मिसळावे. तूप वापरल्यास बिस्किट खुसखुशीत होते, परंतु तुपात पाणी नसल्यामुळे पापुद्रे कमी सुटतात.

दूध ओतल्यावर पीठ जेमतेम एकत्र येईल इतकेच हलवावे. पोळीच्या कणकेसारखे मळणे येथे वर्ज्य आहे. मळण्याने मैद्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, बिस्किटाला नको. दोन सेंटिमीटर जाडीचे थापून वाटीच्या काठाने गोल पाडावेत. वाटी सरळ खाली दाबावी, फिरवू नये. फिरविल्याने कडा चिकटून बिस्किट एका बाजूस कलते. उकळत्या सारणावर हे गोल थोडी जागा सोडून मांडावेत, म्हणजे वाफेला वाट राहील. वरून दूध लावून २०० अंश सेल्सिअस उष्णतेत २५ मिनिटे भाजावे. बेकिंग पावडर ओली होताच वायू सुटू लागतो, यास्तव पीठ भिजवून ठेवून देऊ नये. कच्चे पीठ चाखण्याचा मोहही टाळावा, कारण कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

ओव्हन नसलेल्या घरांनी निराश होण्याचे कारण नाही. बिस्किटाला उष्णता वरून हवी असते, आणि वरून उष्णता देण्याची विद्या बेबिंका करणाऱ्या आपल्या स्त्रियांना पिढ्यानपिढ्या अवगत आहे. जाड बुडाच्या पातेल्यात सारण भरावे, खाली अगदी मंद विस्तव ठेवावा, झाकणावर भरपूर निखारे पसरावेत. पातेले व झाकण यांच्यात बिस्किट फुगण्याइतके अंतर असावे. वीस मिनिटांनंतर झाकण उचलून पाहावे. हे काम अंगणात किंवा हवेशीर जागी करावे. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू जीवघेणा ठरतो. गावातील पोदेराशी स्नेह असेल, तर पाव काढल्यानंतरच्या भट्टीत भांडे ठेवून घेता येईल.

उरलेल्या पॉट पायची काळजी घेणे तितकेच आवश्यक आहे. दाट रस्सा हळूहळू निवतो, आणि कोमटपणाच्या त्या दीर्घ अवधीत काही जंतू झपाट्याने वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा त्यांपैकी प्रमुख. त्याचे बीजाणू उकळण्यानेही नष्ट होत नाहीत, म्हणून ‘एकदा उकळले आहे, आता भीती नाही’ ही समजूत बरोबर नव्हे. उरलेले सारण उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. हवा ३२ अंशांहून अधिक तापली असेल तर एका तासाच्या आत. ते तीन-चार दिवसांत संपवावे व खाताना पुन्हा वाफा येईपर्यंत, मधल्या भागासह, तापवावे. रात्रभर वीज गेली असल्यास वास घेऊन निर्णय करू नये. हे जंतू वासावरून ओळखू येत नाहीत.

नाताळात अशा पदार्थांच्या मागण्या घेण्याचा विचार ज्या महिला बचत गटांच्या मनात असेल, त्यांनी ध्यानात घ्यावे की २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार घरी केलेले अन्न विकण्यासाठीही नोंदणी आवश्यक आहे. सारण आदल्या दिवशी करून थंड ठेवावे, बिस्किटे त्याच दिवशी करावीत, आणि भाजण्यापूर्वी सारण पुन्हा उकळावे. अर्धवट भाजलेला पाय गिऱ्हाइकास देऊन ‘घरी गरम करून घ्या’ असे सांगू नये.