रक्तातले कोलेस्टेरॉल आणि नैराश्य

कोलेस्टेरॉलचे नाव बहुधा हृदयविकाराच्या धास्तीपोटीच घेतले जाते आणि ते जितके कमी तितके बरे, हा समजही त्यातूनच रुजला आहे. मनाच्या आजारांचा विचार करू लागताच मात्र हे गणित इतके सरळ राहत नाही. कॅलिफोर्नियातील रँचो बर्नार्डो येथील पुरुषांची पाहणी १९९३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा सत्तरी गाठलेल्या ज्या पुरुषांचे एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तात १६० मिलिग्रॅमहून कमी होते, त्यांच्यात नैराश्य सुमारे तिप्पट आढळल्याचे दिसून आले.

असे का व्हावे, याचे एक उत्तर मेंदूच्या घडणीत शोधले गेले. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के असला, तरी शरीरातील सुमारे २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल मेंदूत असते आणि चेतापेशींची आवरणे त्याच्याशिवाय बनत नाहीत. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे रसायन याच आवरणांतील ग्राहकांना, म्हणजे रसायनाचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, येऊन चिकटते. आवरणातील कोलेस्टेरॉल काढून घेतले तर यांपैकी एका ग्राहकाचे काम बिघडते, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवले आहे. परंतु मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो आणि रक्तातले कोलेस्टेरॉल तेथवर जवळजवळ पोहोचतच नाही, त्यामुळे रक्ताच्या अहवालातील आकड्यावरून मेंदूतील स्थितीचा थेट अंदाज बांधणे योग्य नव्हे.

स्त्री-पुरुषांतील फरक तर याहून विचार करायला लावणारा आहे. फ्रान्समधील माँपेलिए परिसरातील ६५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांमधील नैराश्याचा संबंध एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या कमतरतेशी आढळला, आणि सेरोटोनिनशी संबंधित विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या पुरुषांत तो अधिक ठळक होता. स्त्रियांमध्ये मात्र एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी असणे हे नैराश्याशी जोडलेले दिसले. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि एलडीएल वाढू लागते, हे लक्षात घेता स्त्रियांच्या अहवालाला पुरुषांचेच निकष लावणे अपुरे ठरते.

अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही. नैराश्यात अन्नावरची वासना उडते, वजन उतरते, आणि त्यानेही कोलेस्टेरॉल खाली येऊ शकते. वृद्धांत तर एखादा छुपा दीर्घ आजार या दोन्हींच्या मुळाशी असू शकतो. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी मन खचते का, याची धास्ती १९९० च्या दशकात खूप होती, पण प्राव्हास्टॅटिन या औषधाच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील मोठ्या चाचणीत खरी गोळी घेणारे आणि औषधरहित गोळी घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. म्हणूनच केवळ उदास वाटते म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करणे हृदयरोग्यासाठी धोक्याचे आहे.

कोलेस्टेरॉल वाढलेले आणि मनही मरगळलेले, अशी जोडी दिसते तेव्हा थायरॉइडची तपासणी विसरता कामा नये. ही ग्रंथी मंदावली की यकृताकडून एलडीएलचा निचरा नीट होत नाही आणि थकवा, सुस्ती, उदासी हीही त्यासोबत येतात. हा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा बराच अधिक आढळतो, टीएसएच या साध्या रक्तचाचणीत तो कळतो, आणि थायरॉक्सिनची गोळी सुरू केल्यावर पुष्कळदा दोन्ही तक्रारी हळूहळू ओसरू लागतात.