तिखटानं भाजी टिकत नाही

रात्री उरलेल्या भाजीबद्दल कोल्हापूरच्या स्वयंपाकघरांत एक ठाम समजूत आहे. चटणी सढळ हातानं पडली असेल आणि वर तेलाचा तवंग आला असेल, तर भाजीला सकाळपर्यंत धक्का लागत नाही. त्याच घरात कधी कधी याच्या नेमकी उलट समजूतही तितक्याच विश्वासानं सांगितली जाते: शिळं ते शिळंच, ओट्यावरचं काय नि फ्रिजमधलं काय, त्यात कस राहत नाही. पहिल्या समजुतीपायी पोटं बिघडतात, दुसरीपायी चांगलं अन्न खरकट्यात जातं. दोघींची चूक मात्र एकच आहे. भाजीत काय घातलं आणि ती कधी केली, हे दोघी पाहतात. चुलीवरून उतरल्यावर ती किती तास कोमट राहिली, हे कुणी विचारत नाही, आणि उरलेल्या भाजीचं बरंवाईट मुख्यतः तिथंच ठरतं.

तिखटाचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात कोल्हापूरचा अभिमान गुंतलेला आहे. (बाहेरगावच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जो लालभडक प्रकार मिळतो, त्याचा इथल्या घरातल्या वरणा, पोकळा, दोडका, मटकीच्या उसळीशी फारसा संबंध नाही, ते असो. लाल रंग म्हणजे जहाल तिखट हेही खरं नाही. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते, ती घालतात रंगासाठीच.) उन्हाळ्यात केलेली कांदा-लसूण चटणी बरणीत वर्षभर राहते, म्हणून तिच्यात टिकवण्याचा गुण आहे आणि तो भाजीतही उतरतो, असा हा तर्क आहे. पण चटणी टिकते ती कोरडी असते म्हणून. मिरच्या कडकडीत वाळवलेल्या, कांदा पाण्याचा अंश जाईपर्यंत तेलात तळलेला, खोबरं सुकं, वर भरपूर मीठ. जंतूंना वाढायला लागणारं मोकळं पाणीच तिथं नसतं. त्याच बरणीत एकदा ओला चमचा गेला, की काही दिवसांत कडेला बुरशीची पांढरी लव दिसते, तिखट तेवढंच असूनही. हीच चटणी दोन पळ्या घालून रस्सा केला, की पाणी परत आलं आणि टिकण्याचं कारण गेलं. शिवाय धणे, मिरी यांसारखे मसाले स्वतःच काही जिवाणूंचे बीजाणू बरोबर घेऊन येतात, आणि हे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत.

यावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लसूण, लवंग, दालचिनी यांचे अर्क प्रयोगशाळेत जंतूंना रोखतात, हे सिद्ध झालेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेनिफर बिलिंग आणि पॉल शेरमन यांनी १९९८ मध्ये ३६ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक पाककृती तपासल्या आणि उष्ण प्रदेशातले लोक मसाले जास्त वापरतात ते अन्नातल्या जंतूंपासून बचाव म्हणून, असा सिद्धांत मांडला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला, आणि आजही 'मसाला जंतू मारतो' हे वाक्य त्याच बळावर फिरतं. मात्र २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी सत्तर पाकपरंपरांतल्या तेहेतीस हजारांवर पाककृती घेऊन तोच प्रश्न पुन्हा तपासला. तिखट खाणं हे संसर्गापासूनचं संरक्षण असल्याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. प्रयोगशाळेतला अर्क आणि चार माणसांच्या उसळीत पडलेल्या लसणाच्या आठ पाकळ्या यांची मात्रा एक नव्हे, इतकं तरी यातून स्पष्ट व्हावं.

तवंगाची गोष्ट तर उलटीच आहे. तेलाच्या थराखाली हवा पोचत नाही म्हणून अन्न सुरक्षित राहतं, असं मानतात. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूला हवा नकोच असते. घट्ट रस्से आणि मोठ्या भांड्यात शिजवून हळूहळू निवत ठेवलेले पदार्थ ही त्याची आवडती जागा, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. आता रात्री नऊला उतरवलेलं उसळीचं खोल पातेलं पाहा. कडेला हात लावला तर निवल्यासारखं वाटतं, पण डाव तळापर्यंत घातला की मधली उसळ चांगली ऊन लागते. वर ताट झाकलेलं, वर तवंग, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. मधला भाग कित्येक तास ६० ते ५ अंशांच्या दरम्यान रेंगाळतो, आणि जंतू वाढतात ते याच टप्प्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा, की हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा पस्तिशीपलीकडे असतो, म्हणजे सकाळी डब्यांसाठी केलेली आणि ओट्यावर राहिलेली भाजी दुपारच्या जेवणाआधीच मुदतीबाहेर गेलेली असते. 'शिळी' हे विशेषण आपण फक्त कालच्या भाजीला लावतो, एवढंच.

'सकाळी खळखळून उकळली की झालं' हा पुढचा भरवसा. तो अर्धा खरा आहे. उकळीनं जिवंत जंतू मरतात, परफ्रिंजेन्सच्या बाबतीत तर नीट गरम करण्याचा चांगलाच उपयोग होतो. पण काही जंतू मरण्याआधी अन्नात विष सोडून जातात. भातात आणि पिष्टमय पदार्थांत वाढणारा बॅसिलस सेरियस हे त्याचं ठळक उदाहरण. त्याचे बीजाणू भात शिजताना तगतात, भात बाहेर राहिला की रुजतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष १२१ अंशांवर तासाहून जास्त तापवलं तरी टिकतं. प्रेशर कुकरचं तापमानही साधारण तेवढंच असतं, तेव्हा फोडणीच्या भातावर कढईत दिलेल्या पाच मिनिटांच्या वाफेकडून काय अपेक्षा करायची? म्हणून रात्रभर टोपात राहिलेला भात फोडणीनं सुधारत नाही, आणि रात्री लगेच फ्रिजमध्ये गेलेल्या भाताला फोडणी दिली तर तो उत्तम नाश्ता होतो. वासानं कळेल म्हणावं, तर या विषाला ना वास आहे ना चव. आंबूस वास येतो तो भाजी नासवणाऱ्या दुसऱ्याच जंतूंचा. वास आला तर टाकावी हे बरोबर, पण वास नाही म्हणून खावी, हे त्यावरून निघत नाही.

फ्रिजमध्ये ऊन पदार्थ ठेवला तर फ्रिज बिघडतो, म्हणून पूर्ण निवेपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. भरलेलं मोठं पातेलं आत ढकलू नये हे ठीक, त्यानं शेजारचं दूधही कोमट होतं. पण उपाय थांबण्यात नाही, भाजी पसरण्यात आहे. दोन-तीन उथळ डब्यांत बोटभर जाडीचा थर केला आणि डबे परातीतल्या गार पाण्यात ठेवले, तर अर्ध्या तासाच्या आत भाजी आत ठेवण्याजोगी होते. मग ती तीन-चार दिवस चालते. खायच्या वेळी लागेल तेवढीच काढून वाफा येईपर्यंत गरम करावी. सगळा डबा रोज गरम करून उरलेला परत आत ठेवणं म्हणजे कोमट तासांची रोज भर घालणं.

'आमच्या आजीकडे कुठं फ्रिज होता?' हा आक्षेप येणारच. नव्हता, पण दोन्ही वेळा चूल पेटत होती आणि बेतानं रांधलं जात होतं. उरलंच तर गोठ्यात जनावर होतं, आणि सकाळपर्यंत ठेवायची ती भाकरी, खर्डा, कोरडा झुणका, म्हणजे कमी पाण्याचे जिन्नस. शिवाय प्रत्येक वेळी कुणी आजारी पडत नाही, आणि पडलं तर ते 'काहीतरी बाधलं' या खात्यात जमा होत असे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिजवून प्रहर उलटलेल्या अन्नाला तामस म्हटलं आहे. प्रहर म्हणजे तीन तास. थंडाव्याचं साधन नसलेल्या काळात ही मर्यादा अत्यंत शहाणपणाची होती, आणि आजही ओट्यावरच्या पातेल्याला ती जवळपास तशीच लागू पडते. चार अंशांवर ठेवलेल्या डब्याला ती लावण्याचं कारण नाही. श्रावणात शिळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खायची प्रथाही याच परंपरेत आहे, तेव्हा शिळ्याला सरसकट नकार परंपरेनंही दिलेला नाही.

कस निघून जातो, हा आक्षेप त्या मानानं लवकर आटपतो. क जीवनसत्त्व आणि फोलेट यांत घट होते, पण मोठी घट पहिल्यांदा शिजवतानाच झालेली असते, आणि भाजी चिरून मग धुण्यात, उकडलेलं पाणी ओतून देण्यात आणखी होते. तंतू, खनिजं, उसळीतली प्रथिनं फ्रिजमध्ये कुठं जात नाहीत. पालक पुन्हा गरम केला की विषारी होतो असं म्हणतात, त्यातला खरा भाग एवढाच की पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट जंतू करतात, आच करत नाही. शिजवलेली पालेभाजी बाहेर राहिली तर हा बदल होतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये नोंदवलं आहे. तान्ह्या बाळाला ती देऊ नये. मोठ्यांनी वेळेत फ्रिजमध्ये ठेवलेला पोकळा वा चाकवत दुसऱ्या दिवशी खायला हरकत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला, सरळ टाकून द्यावं, असंही कुणी म्हणेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून दर माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. यात साली आणि देठही आले, आणि तिथं इथली जुनी पद्धत कुठल्याही आधुनिक सल्ल्याच्या पुढे आहे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची येळवणीची आमटी: हे सगळं उरण्याआधीच वापरलेलं अन्न आहे. शिजलेल्या भाजीचं रूपांतर करताना पातळ थर आणि खरपूस आच असलेले प्रकार निवडावेत. बटाट्याची सुकी भाजी मळून कटवड्याचं सारण होतं, मेथी किंवा कोबी ज्वारीच्या पिठात मळला की धपाटं होतं, आणि तव्यावर दोन्ही अंगांनी भाजताना ते आतपर्यंत तापतं. चवीचाही फायदा आहे: वांग्यात, मसुरात मसाला रात्रभर मुरतो, म्हणून आख्खा मसूर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, अर्थात वेळेत फ्रिजमध्ये गेलेला. कालची आमटी आजच्या ताज्या आमटीत ओतणं मात्र टाळावं. जुनीतलं जे काही असेल ते सगळ्या पातेल्यात जातं, आणि त्यातली उरलेली उद्या पुन्हा ओतली तर तिचं वय कुणालाच सांगता येत नाही.

हे सगळं वीज असेपर्यंतचं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या अनेक भागांतली वीज गेली होती. दार न उघडता बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यानंतर आतली भाजी ओट्यावरच्याच हिशेबात धरायची, मग ती कितीही तिखट असो.