महामार्गांचा सालाबाद हिशेब

वर्षाअखेर वह्या मिटविताना कोणताही जाणता व्यापारी दुकानात माल किती आला एवढेच पाहून स्वस्थ बसत नाही. आलेल्या मालापैकी विकला किती, कुजला किती, उधारी वसूल किती झाली आणि बुडाली किती, हे सर्व तो मांडतो, आणि मगच आपण नफ्यात आहो की तोट्यात, याविषयी बोलतो. केवळ जमेची बाजू वाचून समाधान मानणाऱ्याची पेढी फार दिवस चालत नाही, हे सांगावयास कोणी पंडित नको. परंतु हाच साधा न्याय सार्वजनिक कामांस लावण्याची वेळ आली म्हणजे आम्हां लोकांस त्याचा विसर पडतो. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या २०२४-२५ या वर्षाच्या कामगिरीचा विचार करताना निदान आमच्या वाचकांनी तरी वहीची दोन्ही पाने उलटून पाहावी, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम जमेची बाजू. ती लहान नाही, व ती लहान करून दाखविण्याची आमची इच्छाही नाही. १९८८ च्या कायद्याने निर्माण झालेली व फेब्रुवारी १९९५ पासून प्रत्यक्ष कामास लागलेली ही संस्था आहे. तिने २०२२-२३ साली ४,८८२ किलोमीटर, २०२३-२४ साली ६,६४४ किलोमीटर आणि २०२४-२५ साली ५,६१४ किलोमीटर महामार्ग बांधले. शेवटच्या वर्षाचे उद्दिष्ट ५,१५० किलोमीटरचे होते, तेव्हा ते पुरे होऊन वर काही उरले. त्या वर्षीचा भांडवली खर्च अडीच लक्ष कोटी रुपयांच्या घरात गेला. देशातील राष्ट्रीय महामार्गांची एकंदर लांबी २०१४ साली ९१,२८७ किलोमीटर होती. ती २०२५ पर्यंत १ लक्ष ४६ हजार किलोमीटरांवर गेली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे टोलनाक्यावर तास-अर्धा तास खोळंबून राहण्याची पूर्वीची विटंबनाही पुष्कळ अंशी टळली. मालाची ने-आण ज्यांचा धंदा आहे त्यांस या सुधारणांची किंमत आम्ही सांगावयास नको.

पण हा पैसा आला कोठून? तो आकाशातून पडला नाही. रस्त्यासाठी वापरणाऱ्यांकडूनच कर घ्यावा हे तत्त्व आपल्याकडे नवीन नव्हे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविषयक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर जादा कर बसवून मध्यवर्ती रस्ते निधी उभारण्यात आला, आणि १९४३ साली रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली गेली तीही आपल्या नागपुरातच. आज आपण तेलावर उपकर देतो, आणि नाक्यावर टोलही देतो. म्हणजे एकाच रस्त्याचे मोल दोन हातांनी मोजतो. असे मोल देणारा मनुष्य प्राधिकरणाचा आश्रित नव्हे, त्याचा गिऱ्हाईक आहे. आणि माल पारखून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकास असतो.

आता नावेची बाजू पाहू. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. पैकी ६१,०३८ माणसे राष्ट्रीय महामार्गांवर मेली. म्हणजे दर दिवशी १६७ माणसे! एखाद्या साथीने रोज इतके बळी घेतले असते तर गावोगाव हाहाकार उडाला असता. येथे मात्र आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो आणि चहाचा पेला उचलतो.

कोणी म्हणतील की, राष्ट्रीय महामार्ग हे देशातील रस्त्यांच्या लांबीत अवघे दोन टक्के असले तरी एकंदर वाहतुकीपैकी सुमारे चाळीस टक्के वाहतूक त्यांवरूनच चालते. मग छत्तीस टक्के मृत्यू तेथे व्हावे यात नवल ते काय? हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, परंतु तो टिकण्यासारखा नाही. गाडीवाटेवरून वाढत गेलेला खेड्यातील रस्ता आणि कुशल अभियंत्यांनी नकाशे काढून, कोट्यवधी रुपये ओतून बांधलेला रस्ता यांस एकच माप लावणे म्हणजे गावठी वैदू आणि मोठे रुग्णालय यांस एका पंक्तीत बसविणे होय. जेथे शास्त्र आणि द्रव्य दोन्ही उपलब्ध आहेत, तेथे मृत्यू वाहतुकीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून पुष्कळच कमी झाले पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की, बहुतेक अपघात अतिवेगाने होतात, सबब दोष चालकाचा. सरकारी तक्तेही असेच सांगतात. परंतु एकाच ठिकाणी निरनिराळ्या चालकांच्या हातून वारंवार अपघात होऊ लागले, तर दोष केवळ चालकांचा कसा? पुण्यास कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पाहावा. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांस धडक दिली. त्यानंतर उपाय योजल्याचे सांगण्यात आले. तरी १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात पुन्हा भीषण अपघात होऊन कित्येकांचे प्राण गेले. चालक बदलले, वाहने बदलली. उतार तोच राहिला.

सरकारी व्याख्येप्रमाणे सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत प्राणघातक अथवा गंभीर इजेचे पाच अपघात घडले, किंवा दहा माणसे मेली, म्हणजे ती जागा धोक्याची ठरते. या व्याख्येचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. आधी दहा प्रेते पडावी, मग जागा वहीत चढावी, मग दुरुस्तीचा विचार व्हावा! वास्तविक रस्ता खुला करण्यापूर्वीच त्रयस्थ तज्ज्ञांकडून त्याची परीक्षा व्हावयास हवी, आणि तिच्यात सापडलेली वैगुण्ये दूर झाल्यावाचून तेथे टोलाचा एक रुपयाही घेतला जाऊ नये.

कायदा याविषयी अगदीच मुका आहे असे नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम घालण्यात आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा निगा यांतील कसुरीने कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकाऱ्यास वा कंत्राटदारास एक लक्ष रुपयांपर्यंत दंड करण्याची त्यात तरतूद आहे. कोट्यवधींच्या कंत्राटात एक लक्ष म्हणजे समुद्रातून ओंजळभर पाणी! न्यायालयांनी मात्र अलीकडे अधिक खंबीर पवित्रा घेतला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्याच्या दुरवस्थेवरून केरळ उच्च न्यायालयाने पालियेक्करा नाक्यावरील टोलवसुली काही काळ थांबविली, आणि प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले असता तेथेही हा हुकूम फिरला नाही. पुढे वसुली पुन्हा सुरू झाली. परंतु सेवा नसेल तर मोबदलाही नाही, हा व्यापारातील पहिला धडा सरकारी संस्थेसही लागू आहे, हे त्या निकालाने सिद्ध केले.

आपल्या कोकणाची गोष्ट काय वर्णावी? पनवेल ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा प्राधिकरणाकडे आहे. त्याच्या रुंदीकरणास २०११ साली आरंभ झाला, आणि २०२५ चा गणेशोत्सव आला तरी काम पुरे झाले नव्हते. हे होत नाही म्हणून झाले नाही असे म्हणावे, तर याच महामार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून जाऊन दोन एस. टी. गाड्या नदीत गेल्या, त्यानंतर नवा पूल बांधून ५ जून २०१७ रोजी खुला करण्यात आला. तेव्हा शक्तीचा अभाव नाही. निकडीच्या जाणिवेचा अभाव आहे, आणि ती जाणीव प्रेते पाहिल्यावाचून होत नाही, हेच आमचे दुःख आहे.

प्राधिकरणाचे पुढील बेत मोठे आहेत: द्रुतगती मार्गांचे जाळे विणणे, तयार रस्त्यांचे टोलहक्क विकून भांडवल उभारणे, कर्ज फेडणे व अडथळ्यावाचून टोल घेणे. हे सर्व अवश्य व्हावे. पण या यादीच्या शिरोभागी आम्ही तीन गोष्टी घालू. पहिली, किलोमीटरांच्या आकड्याशेजारी प्रत्येक टप्प्यावर मेलेल्यांचा आकडा, आणि त्याखाली जबाबदार कंत्राटदाराचे व अधिकाऱ्याचे नाव दरसाल छापावे. दुसरी, पादचारी व दुचाकीस्वार यांची आधी सोय पाहावी. कारण २०२२ च्या एकंदर मृतांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के व पादचारी १९.५ टक्के होते. शेताकडे निघालेल्या म्हातारीस सहा पदरी रस्ता ओलांडावयास भुयार नसेल, तर त्या रस्त्यास सुधारणा म्हणणे ही तिची थट्टा होय. तिसरी, मालवाहू गाड्यांच्या चालकांस विसाव्याच्या जागा जागोजाग कराव्या.

अखेरीस एक कडू गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंस सांगणे प्राप्त आहे. दहा टनांच्या गाडीत पंधरा टन भरा, पहाटेपूर्वी माल पेठेत पोहोचला पाहिजे, असा हुकूम कोण सोडतो? आपल्या धाब्यासमोर दुभाजक फोडून वाट कोण काढतो? ज्याच्या डोळ्यांवर दोन रात्रींची झोप आहे त्याच्या हाती चाक देऊन चार रुपये वाचविणारा मालक प्राधिकरणाइतकाच त्या हिशेबाचा देणेकरी आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लक्ष रुपयांच्या उपचारांची रोकडविरहित सोय झाली आहे, आणि जखमीस मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. तरी रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती बघ्यांचीच गर्दी अधिक असते. सरकारने रस्ते बांधावे, पण रस्त्यावर माणुसकी सरकार बांधू शकत नाही.

रस्ता हा मनुष्यास घरी परत आणण्यासाठी असतो. तेव्हा येत्या वर्षी प्राधिकरणाने किती किलोमीटर बांधले हे अवश्य सांगावे. परंतु त्यापूर्वी, रोजच्या १६७ पैकी किती माणसे घरी परत आणली, ते आम्हांस सांगावे.