येना येथील भिंगांचा कारखाना

जुन्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या नळीवर पुष्कळदां ‘कार्ल झाइस, येना’ अशी अक्षरें कोरलेलीं आढळतात. येना हें जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतांतील विद्यापीठाचें गांव. तेथें कार्ल झाइस (१८१६-१८८८) या कसबी कारागिरानें १८४६ सालीं एक लहानसा कारखाना काढला. माल मनासारखा न उतरल्यास झाइस स्वतः हातोडा घेऊन तो ऐरणीवर फोडीत, असें सांगतात. ऑगस्ट लोबर हा त्यांचा पहिला उमेदवार. तोच पुढें कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. घासलेलें भिंग नमुन्याच्या कांचेवर ठेवून मधल्या रंगीत वलयांवरून त्याचा दोष ओळखण्याची रीत त्यानें तेथें रूढ केली. ज्या चुका मापाच्या साधनांस सांपडत नाहींत, त्या या वलयांत डोळ्यांना दिसतात.

तरीहि चांगलें यंत्र घडणें हा थोडाबहुत नशिबाचाच भाग होता. भिंगें एकामागून एक बसवून पाहावयाचीं व जुळलीं तर ठीक, अशी पद्धत. तीऐवजीं गणितानें भिंगें घडावीं, या हेतूनें १८६६ सालीं झाइस यांनीं अर्न्स्ट आबे या तरुण अध्यापकास हाताशीं घेतलें. गंमत अशी कीं, आबे यांच्या हिशेबाप्रमाणें केलेलीं पहिलीं भिंगें जुन्यांपेक्षां वाईट निघालीं! भिंगांत शिरणारा प्रकाशाचा शंकु त्यांनीं अरुंद केला होता. आणि बारीक रचना दिसण्यास तो रुंद असावा लागतो. ही चूक उलगडतांनाच सूक्ष्मदर्शकाचा सिद्धांत त्यांच्या हातीं आला व १८७३ सालीं तो प्रसिद्ध झाला. पुढें ऑटो शॉट यांनीं नव्या जातीची कांच केली व जोड पुरी झाली. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाचे जंतु शोधले ते झाइसच्या भिंगांच्या साह्यानें. हेच कॉख १८९७ सालीं प्लेगच्या तपासासाठीं मुंबईस आले होते.

आबे यांचे वडील आयसेनाख येथील सूतगिरणींत कामगार होते. दिवसाचे चौदा ते सोळा तास उभ्यानें काम, मध्यें सुट्टी नाहीं. लहान अर्न्स्ट जेवणाचें भांडें घेऊन जाई. वडील यंत्राला टेकून चार घांस घाईनें गिळीत व भांडें परत देत. मूळचा धिप्पाड माणूस, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं म्हातारा दिसूं लागला. हें दृश्य मुलगा विसरला नाहीं. झाइस वारल्यावर त्यानें १८८९ सालीं न्यास स्थापन केला व १८९१ मध्यें सारी मालकी न्यासाच्या स्वाधीन करून स्वतः तेथें नोकर म्हणून राहिला. १८९६ च्या नियमांत निवृत्तिवेतन, पगारी रजा, नफ्याचा वांटा हीं कामगारांचा हक्क ठरलीं. कोणाहि अधिकाऱ्याचें वेतन कामगारांच्या सरासरी कमाईच्या दसपटीहून अधिक नसावें, असेंहि कलम होतें.

१९०० सालीं नऊ तासांच्या जागीं आठ तासांचा दिवस आला. मालकवर्गाला ही धर्मादाय खैरात वाटे. आबे यांनीं २३३ कामगारांच्या कामाचा आधींच्या व नंतरच्या वर्षाचा हिशेब ताडून पाहिला. ताशीं काम सुमारें १६ टक्क्यांनीं वाढलें होतें. म्हणजे आठ तासांत पूर्वींच्या नऊ तासांहून किंचित् अधिकच काम होत होतें. दयेचा प्रश्न आबे यांनीं असा त्रैराशिकानें सोडविला!

१९४५ सालीं मात्र या कुटुंबाचीं दोन शकलें झालीं. येना सोडतांना अमेरिकन सैन्यानें निवडक तज्ज्ञांस पश्चिमेकडे नेलें. तेथें ओबरकोखेन गांवीं नवा कारखाना उभा राहिला. मागून आलेल्या रशियनांनीं येना येथील बहुतेक यंत्रसामग्री उचलली, आणि १९४६ च्या ऑक्टोबरांत शेंकडों कामगार व शास्त्रज्ञ बायकामुलांसह रशियांत पाठविले. मागें राहिलेल्यांनीं उरल्यासुरल्या हत्यारांवर पुन्हां काम मांडलें. १९४८ सालीं येना येथील कारखाना सरकारी झाला. एका नांवाचे दोन धनी. मग कोर्टकज्ज्यांना काय तोटा! १९९१ सालीं दोन्ही एकत्र आले. त्या घडामोडींत येना येथील हजारों कामगारांना कामास मुकावें लागलें. कंपनीचें मुख्य ठाणें ओबरकोखेन येथेंच राहिलें. तिचे सर्व भाग आजहि आबे यांनीं स्थापिलेल्या न्यासाच्याच मालकीचे आहेत.