अनिकेत जाधव आणि ॲरोजचा हंगाम

आम्हां मेळघाटातील धारणीकरांना, जिल्ह्याचे ठिकाणही घाट उतरल्यावाचून गाठता येत नसल्यामुळे, व्यावसायिक फुटबॉल हा परमुलुखातला व्यवहार वाटतो. म्हणूनच कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल मी जिव्हाळ्याने न्याहाळतो. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा आघाडीवीर २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, आणि त्याच वर्षी, भारतीय फुटबॉल महासंघाने केवळ तरुणांच्या जोपासनेस्तव चालविलेल्या इंडियन ॲरोज या संघाकडून आय-लीग स्पर्धेत उतरून, पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल या संघांत त्याचे मुक्काम पडले. मला मात्र ॲरोजचाच हंगाम अधिक मोलाचा वाटतो, कारण परदेशी आघाडीवीरांमुळे अन्यत्र राखीव बाकावर खितपत पडली असती अशी पोरे तेथे प्रत्यक्ष मैदानात उतरली.