5 + 10 = 15 होत नाही: आई-वडिलांचा आरोग्य विमा आणि संशोधनाचा पहिला धडा



आज नेटचा अभ्यासक्रम नाही, पेटचे प्रश्न नाहीत. आज घरातला एक प्रश्न सोडवूया. सिलेक्शन बायस, काउंटरफॅक्च्युअल असे शब्द आपण व्याख्या म्हणून पाठ करतो. मला ते खऱ्या अर्थाने कळले ते घरी आई-वडिलांचा विमा निवडताना, आणि तेही आधी चूक करून.

आमचं गाव आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे. भात काढणीला मी घरी गेले होते. अण्णा 64 वर्षांचे, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. आई 59 ची, तिला सहा वर्षांपासून शुगर. आजीने ऐंशी कधीच ओलांडली. एका एजंटने अण्णांना सांगितलं होतं, "65 च्या आत पॉलिसी घ्या, नंतर कोणी देणार नाही." अण्णा मला म्हणाले, "तू एवढं स्टॅटिस्टिक्स शिकलीस ना, मग सांग. खासगी पॉलिसी घ्यायची, की सरकारी कार्ड आहेच, त्याच्यावर थोडं काहीतरी जोडायचं?"

मी दहा मिनिटांत उत्तर दिलं. सरकारी योजनेचे 5 लाख, त्यावर 10 लाखांचा सुपर टॉप-अप, झाले 15 लाख, तेही कमी प्रीमियममध्ये. अण्णा खूश, मी पण खूश.

उत्तर चुकलेलं होतं. कसं, ते पुढे बघू.

आधी दोन्ही बाजू नीट समजून घेऊ

सरकारी बाजू अशी. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 8 जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर गेली. 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि 2020 मध्ये दोन्ही योजना एकत्र राबवायला सुरुवात झाली. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस आहेत. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधीच योजनेत असलेल्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना त्यावर वेगळे 5 लाख मिळतात, आणि खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं.

या बाजूची मोठी गोष्ट म्हणजे इथे तुम्हाला कोणी नाकारत नाही. शुगर आहे का, बीपी आहे का, असं कोणी विचारत नाही. वेटिंग पीरियड नाही, प्रीमियम नाही. पण दोन अटी आहेत. आजार योजनेच्या यादीत पाहिजे, आणि हॉस्पिटल योजनेत पाहिजे.

खासगी बाजू उलटी. हॉस्पिटल आणि आजार यांची मोकळीक बरीच जास्त. पण प्रीमियम वयाबरोबर चढतो, जुन्या आजारांना वेटिंग पीरियड असतो, आणि ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का आपण भरायचा.

एजंटच्या वाक्याबद्दलही सांगते. 1 एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने 65 ची जुनी वयोमर्यादा काढून टाकली आहे. त्याच बदलात जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त 4 वर्षांवरून 3 वर्षांवर आला. म्हणजे 65 ला दार बंद होत नाही. पण कंपनी तुमची तब्येत बघूनच पॉलिसी देते, त्यामुळे दार दरवर्षी अरुंद होत जातं, हे मात्र खरं.

गावात विचारलं, आणि फसले

माझ्या गणिताला आधार मिळावा म्हणून मी चौकशी सुरू केली. नातेवाईक, शेजारी, कान्हे फाट्यावर चहाला भेटणारे लोक, मिळून पंधरा-वीस जण झाले असतील. खासगी पॉलिसीवाले म्हणाले, "एक नंबर, काही त्रास नाही." योजनेवाले म्हणाले, "अगं, तिथे गेलो तर म्हणाले यादीत बसत नाही."

निष्कर्ष सरळ वाटतो ना? खासगी चांगलं, सरकारी वाईट. पण बघा, खासगी पॉलिसीवाले कोण होते? कंपनीत लागलेली, तिशी-पस्तिशीतली मुलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पॉलिसी कधी वापरलेलीच नव्हती! आणि योजनेवाले कोण? साठीपुढची, आधीच आजारी असलेली माणसं. मी दोन विम्यांची तुलना करत नव्हते. मी दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांची तुलना करत होते. हाच सिलेक्शन बायस. आणि नमुना पंधराचा पंधराशे केला असता, तरी तो गेला नसता.

विम्यात हा प्रश्न जास्तच चिघळतो, कारण माणसं आपली तब्येत ओळखून विमा निवडतात आणि कंपन्याही माणसं निवडतात. अकरलॉफ यांचा 1970 चा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा लेख आणि रॉथशिल्ड-स्टिग्लिट्झ यांचा 1976 चा विमा बाजारावरचा लेख, हे दोन्ही याच विषयाचे पाया आहेत. मुलाखतीला जाण्याआधी निदान त्यांची मध्यवर्ती कल्पना स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे.

मग संशोधक यातून कसे सुटतात? एक रस्ता म्हणजे चिठ्ठी टाकणे. अमेरिकेत रँड संस्थेच्या प्रयोगात 1974 ते 1982 या काळात कुटुंबांना वेगवेगळे विमे यादृच्छिक पद्धतीने दिले होते. 2008 मध्ये ओरेगन राज्याने गरिबांच्या विम्यासाठी खरोखरच लॉटरी काढली. दोन वर्षांनी दिसलं की विमा मिळालेल्यांवरचा पैशाचा ताण आणि नैराश्य कमी झालं, पण रक्तदाब आणि शुगरच्या मोजमापांत ठोस फरक सापडला नाही. दुसरा रस्ता म्हणजे सीमारेषा शोधणे. उत्तर कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी काही भागातच लागू झाली, तेव्हा सूद आणि सहकाऱ्यांनी हद्दीच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांची तुलना केली. तो अभ्यास 2014 मध्ये बीएमजेमध्ये आला. गावं शेजारची, माणसं सारखी, फरक फक्त योजनेचा.

एकच बिल, दोन्ही रस्त्यांनी

घरात लॉटरी काढता येत नाही. पण तोच विचार कागदावर करता येतो. माणूस तोच, आजार तोच, बिल तेच, फक्त विमा बदलायचा. हे झालं काउंटरफॅक्च्युअल. मी वहीत दोन रकाने केले. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

पहिला रकाना: 5 लाखांची खासगी पॉलिसी, 20 टक्के को-पे.
दुसरा रकाना: सरकारी योजना, आणि वर 5 लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप. डिडक्टिबल म्हणजे वर्षाच्या एकूण बिलातली तेवढी रक्कम ओलांडल्याशिवाय टॉप-अप हलत नाही.

बिल 1: 80 हजार, आजार यादीत, हॉस्पिटल योजनेत. खासगी पॉलिसीत खिशातून 16 हजार. दुसऱ्या रकान्यात शून्य.

बिल 2: आईच्या जुन्या शुगरमुळे झालेला त्रास, पॉलिसीचं दुसरंच वर्ष, बिल 2 लाख, आजार यादीत, हॉस्पिटल योजनेत. खासगी पॉलिसी वेटिंगमुळे काहीच देत नाही. योजनेत शून्य खर्च.

बिल 3: 9 लाख, योजनेत नसलेलं हॉस्पिटल. खासगी पॉलिसी जास्तीत जास्त 5 लाख देईल, म्हणजे खिशातून किमान 4 लाख. टॉप-अप 5 लाखांच्या वरचे 4 लाख देईल, म्हणजे खिशातून 5 लाख.

बिल 4: 2 लाख, योजनेत नसलेलं हॉस्पिटल. खासगी पॉलिसीत वेटिंग संपलेलं असेल तर खिशातून 40 हजार. दुसऱ्या रकान्यात? योजना लागू नाही. टॉप-अप 5 लाखांखाली हलत नाही. पूर्ण 2 लाख खिशातून.

चौथ्या बिलावर माझं पेन थांबलं. 5 + 10 = 15 होत नाही, कारण दोन्ही तुकडे वेगवेगळ्या रेषेवर कापलेले आहेत. योजना आजार आणि हॉस्पिटल यांच्या रेषेवर कापलेली आहे, टॉप-अप रुपयांच्या रेषेवर. घराला वर पक्कं छप्पर घातलं, पण एका बाजूची भिंतच नाही, अशातली गत. आणि मावळात पाऊस बाजूनेच झोडपतो.

अमेरिकेतले आजी-आजोबा हेच गणित करतात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्येही 65 व्या वर्षी हाच प्रश्न येतो. तिथे 1965 पासून ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आहे. मूळ मेडिकेअरमध्ये डॉक्टरांच्या सेवेसाठी साधारण 80 टक्के सरकार देतं, 20 टक्के रुग्ण, आणि रुग्णाच्या वाट्याला वरची मर्यादा नाही. ती फट भरायला मेडिगॅप नावाची पूरक पॉलिसी असते. दुसरा पर्याय म्हणजे खासगी कंपनीची मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना. तिचा प्रीमियम कमी आणि खर्चाला वार्षिक मर्यादा असते, पण ठरावीक हॉस्पिटलं आणि उपचारांना पूर्वपरवानगीची भानगड. 2023 पासून निम्म्याहून जास्त पात्र लोक या दुसऱ्या बाजूला आहेत.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मेडिगॅप मेडिकेअरच्याच रेषेवर कापलेली असते. मेडिकेअरने सेवा मंजूर केली की पूरक पॉलिसी तिचा वाटा भरते. म्हणून तिथे बेरीज जमते. आपला टॉप-अप योजनेला ओळखतच नाही. दुसरी, मेडिगॅप तब्येत न विचारता मिळण्याची मुदत साधारणपणे सुरुवातीचे 6 महिने. त्यानंतर काही अपवाद सोडले तर बहुतेक राज्यांत कंपनी आजार बघून नकार देऊ शकते. म्हणजे ॲडव्हान्टेजमधून परत यायचं म्हटलं, तरी पूरक पॉलिसी मिळेलच असं नाही. आज स्वस्त काय, एवढंच विचारून भागत नाही. उद्या मन बदललं तर कोणतं दार उघडं असेल, हेही विचारावं लागतं.

मग आम्ही काय केलं

आम्ही तीन प्रश्न लिहिले.

एक, रात्री दोन वाजता आम्ही खरंच कुठे जाणार? गावातून निघालं की कान्हे, तळेगाव, मग पिंपरी-चिंचवड. या वाटेवरच्या हॉस्पिटलांची यादी केली आणि प्रत्येक ठिकाणी योजनेत कोणता विभाग आहे ते विचारलं. हे महत्त्वाचं आहे, कारण हॉस्पिटल योजनेत असलं तरी सगळे विभाग असतीलच असं नाही. 155388 या योजनेच्या क्रमांकावर आणि हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे ही चौकशी करता येते.

दोन, ही पॉलिसी आपण दहा वर्षं भरू शकतो का? आमचं उत्पन्न भात, दूध आणि माझी फेलोशिप, जी कधी वेळेवर येते, कधी नाही. पॉलिसी तिसऱ्या वर्षी बंद पडली तर भरलेला प्रीमियम गेला आणि काढलेलं वेटिंगही गेलं. जानेवारी 2025 पासून 60 वर्षांवरच्यांचा प्रीमियम वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, पण 10 टक्क्यांनीसुद्धा सात-साडेसात वर्षांत रक्कम दुप्पट होते.

तीन, रोजच्या गोळ्यांचं काय? आमच्या दोन्ही रकान्यांत त्याचं उत्तर नव्हतं. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या केंद्रांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

शेवटी आजीचं वय वंदना कार्ड काढलं, बाकीच्यांची आयुष्मान कार्डं काढली. अण्णा आणि आईसाठी 5 ऐवजी 3 लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घेतला. प्रीमियम थोडा जास्त, पण भिंतीचं भगदाड लहान झालं. उरलेल्या 3 लाखांसाठी आवर्ती ठेव सुरू केली. फॉर्मवर आईची शुगर आणि अण्णांचं बीपी स्वच्छ लिहिलं. एजंट म्हणाला, "कशाला लिहिता?" लपवलं आणि पुढे उघड झालं, तर क्लेम तिथेच अडकतो.

ठेव पूर्ण व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत चौथं बिल आलं, तर आम्ही अडचणीत आहोत. ही जोखीम आम्ही माहीत असून घेतली आहे. तुमच्या घरात पगार नियमित असेल, आई-वडील पन्नाशीत आणि धडधाकट असतील, तर याच वहीतून खासगी पॉलिसी हे उत्तर येऊ शकतं. उत्तर उचलू नका, रकाने उचला.

जाता जाता, तुमच्यासाठी एक प्रश्न

ही योजना 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत आली आणि 2013 च्या अखेरीस बाकीच्या राज्यात. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ महाराष्ट्रात योजना असलेले आणि नसलेले जिल्हे शेजारी शेजारी होते. पुणे त्या पहिल्या 8 मध्ये नव्हता, शेजारचा रायगड होता. तुम्हाला या फरकाचा अभ्यास करायचा असेल तर कोणती माहिती लागेल, आणि हे 8 जिल्हे चिठ्ठी टाकून निवडलेले नव्हते, या अडचणीवर काय कराल? एका पानावर लिहून बघा. संशोधन प्रस्तावाचा सराव यातच होऊन जाईल.

अण्णांनी ती वही कपाटात रेशनकार्डाजवळ ठेवली आहे. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "तुझ्या काकाला पण ते रकाने करून दे. पण त्याला उत्तर आधी सांगू नकोस."