पांढरे ठिपके आणि बोअरचं पाणी

फ्लॅट बदलला, नळाला बोअरचं जड पाणी आलं. त्याच आठवड्यात दोन नवे मासे आणले आणि माझ्या निऑन टेट्रांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. घाबरून सगळं पाणी काढलं, आरओचं भरलं. १२ पैकी ७ गेले.

चूक काय झाली? ठिपके क्षारांमुळे येत नाहीत. तो 'इक' नावाचा परजीवी, बहुतेक नव्या माशांसोबत आलेला. पाणी एकदम बदलल्याने मासे आणखी खचले.

औषध परजीवीला ठिपक्यात असताना मारत नाही, पाण्यात सुटल्यावर मारतं. म्हणून ठिपके गेले तरी डोस लगेच थांबवू नका. आरओ थोडं थोडंच मिसळा. नवा मासा आधी ३-४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. माझे उरलेले पाच अजून पोहतायत.